परतीच्या तासातली चिठ्ठी

१

मोराच्या नक्षीची पेटी मृगाच्या दिवशी गेली. त्या दिवशी मी कारखान्यात नव्हतो. रजा टाकून कुंभारीला गेलो होतो. माझी बायको गिरिजा तिथं तिच्या माहेरच्या शेतात पुरलेली आहे. तिला जाऊन दोन महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आलो तर रत्नम्मा गेटजवळच्या दगडावर बसलेली दिसली. चौदा वर्षांत मी तिला कधी कारखान्याबाहेर थांबलेली पाहिली नव्हती. भोंगा व्हायच्या आधी ती आत असायची.

"इथं का बसलीस?" मी विचारलं.

"आत सोडंनात, अण्णा. मी चोर हाय म्हणं."

"कुणी म्हटलं?"

"मालकांनी. सगळ्यांच्या म्होरं. सव्वाशे माणसं होती." तिचा आवाज कापत नव्हता. हात मात्र मांडीवर एकावर एक घट्ट दाबून ठेवले होते. "पाच वाजता फौजदार येणार हाय. तवर पेटी दे, नाय तर त्याच्यासंगं जा, म्हणाले. माझ्याकडं नसलेली पेटी मी कुठनं देऊ?"

आमचा कारखाना सोलापुरी चादरींचा. चादरीवर जी नक्षी उठते तिचे पुठ्ठ्याचे पत्ते असतात, भोकं पाडलेले. ते पत्ते क्रमानं दोऱ्यात ओवून मागावर चढवले की माग आपोआप तीच नक्षी विणतो. पत्ते ज्याच्या हाती, नक्षी त्याची. मोराची नक्षी आमच्या संगप्पा मास्तरांनी आठ महिने खपून काढली होती. तिचे पत्ते ओवले होते रत्नम्मानं, आणि ते सगळे त्या पेटीत होते.

गिरिजा शेवटचा महिनाभर अंथरुणावर होती तेव्हा रत्नम्मा रोज काम सुटल्यावर आमच्या घरी येई. तिला पुसून घेई, वेणी घाली. मी कधी सांगितलं नव्हतं.

मी तडक मालकांच्या खोलीत गेलो.

२

मालक गुरुसिद्धप्पा लाकडी खुर्चीत बसले होते. शेजारी त्यांचा भाचा रुद्रप्पा. ऑफिस तोच बघायचा.

"या टायमप्पा," मालक म्हणाले. माझं नाव महादेवप्पा. बावीस वर्षं मी टाइमकीपर, म्हणून सगळे टायमप्पा म्हणतात. "तुम्ही एक दिवस नव्हता तर बघा काय झालं."

"रत्नम्मानं नेली कशावरून?"

मालकांनी दोऱ्यात ओवलेल्या चिठ्ठ्या माझ्यापुढं सरकवल्या. डिझाइन खोलीची किल्ली ऑफिसात भिंतीला लटकते. ज्याला हवी त्यानं घड्याळात बघून चिठ्ठीवर नाव आणि वेळ लिहायची, चिठ्ठी खिळ्याला टोचायची आणि किल्ली न्यायची; किल्ली परत लावली की ती वेळही लिहायची. संध्याकाळी रुद्रप्पा चिठ्ठ्या काढून वेळेप्रमाणे लावतो आणि ओवून ठेवतो.

कालच्या चिठ्ठ्या थोड्याच होत्या. सकाळच्या दोन संगप्पांच्या. मग 'रुद्रप्पा, १२.२० ते १२.२५'. मग 'रत्नम्मा, १२.३० ते १२.४०'. मग 'संगप्पा, २.००'.

"दोन वाजता संगप्पानं कुलूप काढलं तर पेटी गायब," मालक म्हणाले. "त्याच्या आधी आत गेली ती रत्नम्मा. तिच्या आधी रुद्रप्पा गेला होता, तेव्हा पेटी जागेवर होती. संगप्पा साक्षीला आहे."

"चिठ्ठी न लिहिता कुणी किल्ली नेली असेल."

"कोण नेईल? बारा ते एक आणि एक ते दोन सगळे मागावर. मधला तास तर सगळे अंगणात माझ्यापुढं बसलेले."

हा मधला तास नीट सांगायला हवा.

तेव्हा १९७४ साल. विजेची ओढाताण होती आणि दुपारच्या उन्हात पत्र्याखाली माणसं चक्कर येऊन पडत. म्हणून मालकांनी काही वर्षांपूर्वी एक रीत काढली होती. पाडव्याला कारखान्याचं घड्याळ एक तास पुढं करायचं आणि मृगाला परत मागं घ्यायचं. बाहेर रेडिओवर सहा वाजले की आमच्याकडं सात वाजायचे. उन्हं चढायच्या आत बरंच विणून व्हायचं. कामगार त्याला मालकाचा टाइम म्हणत. गिरिजा घरातलं घड्याळ कधी पुढं करू देत नसे. "मालकाचा टाइम गेटच्या आत," म्हणायची.

मृगाच्या दिवशी एक वाजला की घड्याळाचे काटे फिरवून पुन्हा बारावर आणायचे. पाडव्याला घेतलेला तास मालक त्या दिवशी परत देत. माग बंद. सगळे अंगणात बसून शेंगापोळी खात. या तासाला परतीचा तास म्हणतात. तो हजेरीत लिहीत नाहीत. त्या तासात कुणी किल्ली घ्यायची नाही, कुणी चिठ्ठी लिहायची नाही. कागदाच्या हिशेबानं तो तास नसतोच.

"पाच वाजेपर्यंत वेळ द्या," मी म्हणालो.

रुद्रप्पा हसला. "टायमप्पा आता फौजदार झाले काय?"

"पाचपर्यंत," मालक म्हणाले. "मलाही तिला पोलिसात द्यायला आवडत नाही. पण मोर बाहेर गेला तर दिवाळीत आपण काय विकणार?"

मी निघालो तसा रुद्रप्पा मागून दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "आणि धोंडीरामला विचारा, काल मागच्या भिंतीवरून गाठोडं कुणाला दिलं ते. मी डोळ्यांनी बघितलंय."

३

धोंडीराम आमचा वॉचमन. वेळापूरकडचा धनगर. माणूस सहा फूट, पण गाठोडं म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला.

"कुणी सांगितलं तुमास्नी?"

"दिलंस का नाही?"

"दिलं जी."

"काय होतं त्यात?"

तो इकडं तिकडं बघायला लागला. "मालकांस्नी सांगू नका. पोळ्या हुत्या. धा-बारा. बहीण आलीया गावाकडनं, मायाक्का. तिनं शेंगापोळी कदी खाल्ली न्हवती. मला म्हणली, तुज्या कारखान्यात लई कवतिक हाय म्हणतोस, दाव की मग. धोतरात गुंडाळून दिल्या भिंतीवरनं."

"पोळ्याच होत्या?"

"तुमी घरला चला. दोन उरल्यात अजून. तिच्या पोटात गेलेल्या कशा दावू?"

मला हसू आलं, पण मी विश्वास ठेवला असं दाखवलं नाही. त्याला विचारलं, "काल माझ्या जागी घड्याळ कुणी फिरवलं?"

"म्याच. शिडी लावून. एक वाजला, माग बंद झालं, मंग काटं बारावर आणलं. बरोबर केलं की नाय?"

"बरोबर. त्या वेळी ऑफिसात कोण होतं?"

"कोण असतंय? म्या शिडी ठिवली आन अंगणात गेलो. समदी तिकडंच."

"काल सकाळपासून वीज गेली होती का? बाराच्या सुमाराला?"

"न्हाय जी. काल दिवसभर लाइट टकाटक. मालक म्हणले, मृगाचा पायगुण."

"गेटमधून सामान काय काय बाहेर गेलं?"

"चादरींचा टेम्पो गेला, गठ्ठे मोजून सोडलं. कामगार सुटले, समद्यांच्या पिशव्या बघितल्या. रत्नम्माचीबी बघितली. डबा आन कुंकवाची डबी, दुसरं कायबी न्हवतं."

"आणि ऑफिसची माणसं?"

"त्यास्नी कोण तपासतंय?" धोंडीराम म्हणाला.

४

संगप्पा मास्तर मागांच्या शेडमध्ये होते. शेडमध्ये शिरलं की कान बंद होतात. साठ माग एकदम चालतात. तिथं कामगार हातांनी बोलतात. दोन बोटं वर म्हणजे चहा, मनगटावर टिचकी म्हणजे किती वाजले. मी खूण केली तसे संगप्पा बाहेर अंगणात आले. गाल सुजलेला होता.

"काय झालं?"

"दाढ काढली परवा. काही खाता येत नाही बघा. काल पोळीही नशिबात नव्हती."

"मग परतीच्या तासात कुठं होता?"

"मागावर. नमुन्याचा माग नीट करत होतो. आधीचा तासही तिथंच, नंतरचाही तिथंच."

नमुन्याचा माग डिझाइन खोलीच्या खिडकीसमोर आहे. खिडकी शेडमध्येच उघडते. तिला गज आहेत आणि मधे दोन मागांचं अंतर.

"रुद्रप्पांना पाहिलंत आत?"

"हो की. ते आत आले, मी बघितलं, त्यांनी मला बघितलं. मग विचारलं, मास्तर, मोराची पेटी वरच्या फळीवरची का? मी म्हटलं, हो, लाल दोरी बांधलेली. ते म्हणाले, हां, आहे, दिसली. म्हणजे तेव्हा पेटी होती. नंतर रत्नम्मा गेली."

"रत्नम्माला आत जाताना पाहिलंत?"

"पाहिलं. पत्ते घेऊन आली, ठेवले, मला हात केला आणि गेली."

"आधी कोण आलं, रुद्रप्पा का रत्नम्मा?"

संगप्पांनी गालावर हात ठेवला. "चिठ्ठीवर आहे ना. आधी रुद्रप्पा, बारा वीसला."

"चिठ्ठीचं सोडा. तुम्हाला आठवतं का?"

"मागात डोकं घातलेलं हो माझं. काल बारा दोनदा वाजले, एक दोनदा वाजला, वर दाढेची कळ. मला विचाराल तर काल दिवसभर दाढच वाजत होती."

मी गेटवर रत्नम्माकडं आलो. ऊन चढलं होतं. तिनं पदर डोक्यावर घेतला होता.

"तू आत गेलीस ते कशाला?"

"शेवटचे अकरा पत्ते ओवायचे राहिलते. ते ओवून पेटीत ठेवले, लाल दोरी बांधली, कुलूप घातलं, किल्ली जागेवर लावली."

"मग?"

"मग भोंगा झाला, आन मी वाढायला गेले."

"कोणाला वाढायला?"

"सगळ्यांना. पोळ्या वाढायचं काम दरवर्षी माझंच असतंय की." मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "अण्णा, नोकरी गेली तर दुसरीकडं ओवीन. पण पेठेत लोक म्हणतील, ती बघा ती, पेटीवाली. माझी लेक न्हाणात आलीया. तिला कोण करून घेईल?"

सगळ्या साक्षी तिच्याविरुद्ध होत्या आणि त्यातला एकही माणूस मला खोटा वाटत नव्हता. रुद्रप्पाही नाही. चिठ्ठी होती, साक्षीदार होता. बारा वाजून गेले होते.

५

दोन वाजता जेवणाच्या सुट्टीत मी घरी गेलो. घर कारखान्याच्या मागच्या चाळीत आहे. गिरिजा गेल्यापासून मला घरी जायची घाई नसते, पण त्या दिवशी शांत बसून विचार करायचा होता.

सकाळची भाकरी होती. ती खाता खाता मी एकटाच बोलत होतो. रुद्रप्पा बारा वीस, रत्नम्मा साडेबारा, आधी हा, मग ती. असं दोन-तीनदा म्हणालो असेन. तेवढ्यात शेजारची निंगव्वा दारात आली. म्हातारीनं मला लहानपणापासून पाहिलेलं आहे.

"काय रं महादेवा, कुणासंगं भांडतोस? अख्खी चाळ ऐकतीया. माग बंद हाय म्हणावं, हळू बोल."

हे वाक्य गिरिजाचं. मागावरच्या माणसांची घरात ओरडून बोलायची सवय जात नाही. मी घरी आलो की पहिला अर्धा तास ती हेच म्हणायची, "माग बंद आहे, हळू बोला." निंगव्वानं ते भिंतीपलीकडून इतक्या वर्षांत हजार वेळा ऐकलं असेल.

घास माझ्या हातातच राहिला.

रत्नम्मानं संगप्पांना हात केला होता. ती बोलली नव्हती.

रुद्रप्पा बोलला होता.

मी ताट तसंच ठेवून उठलो. "आत्ता कुटं निघालास? भाकरी तरी संपीव!" निंगव्वा मागून ओरडली.

६

चार वाजता मी मालकांना म्हणालो, "जरा डिझाइन खोलीत चला. रुद्रप्पा, तुम्हीही या."

आम्ही तिघं आत गेलो. खिडकीतून मागांचा आवाज अंगावर येत होता. मी दार लावलं, तरी मालकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागलं. समोर दोन माग सोडून संगप्पा काम करत होते.

मी रुद्रप्पाच्या कानाशी गेलो. "काल संगप्पांना जे विचारलं ते आता विचारा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मालकांनी हातानं खूण केली, विचार.

"मास्तर!" रुद्रप्पा ओरडला. संगप्पांनी मान वर केली नाही. तो पुन्हा ओरडला. तिसऱ्या वेळी संगप्पांचं लक्ष गेलं. त्यांनी कानाला हात लावून डोकं हलवलं. रुद्रप्पा गजांना तोंड लावून ओरडला, "पेटी वरच्या फळीवरची का?" संगप्पांनी दोन बोटं वर केली. त्यांना वाटलं, चहा सांगतोय.

मालक गजांपाशी जाऊन चालू मागांकडं बघत राहिले. बावीस वर्षं मीही त्या शेडमध्ये होतो, तेही होते. आम्हाला हे आधी सुचलं नाही, कारण ती गोष्ट आम्हाला हवेसारखी झाली आहे.

आम्ही मालकांच्या खोलीत परत आलो. दार लावलं.

"काल बारा वीसला साठ माग चालू होते," मी म्हणालो. "वीज गेली नव्हती. तेव्हा खिडकीतून एक शब्द ऐकू गेला नसता. रुद्रप्पा आणि संगप्पा तर चार वाक्यं बोलले. माग बंद असतानाच ते बोलणं होऊ शकतं. काल माग एकाच तासात बंद होते."

"परतीच्या तासात," मालक म्हणाले.

"त्या तासातही बारा वीस वाजतात. घड्याळ मागं घेतलं की तेच आकडे पुन्हा येतात. फक्त आपण ते लिहीत नाही. म्हणून कागदावर बारा वीस दिसले की आपण समजतो, ते पहिले. आणि चिठ्ठ्या वेळेप्रमाणे लावल्या की ही चिठ्ठी रत्नम्माच्या आधी जाते. खरं तर रुद्रप्पा तिच्यानंतर पाऊण तासानं आत गेले."

"मग रत्नम्माचे साडेबाराही दुसरे असतील," रुद्रप्पा म्हणाला. आवाज बसला होता, पण तो लढत होता.

"मालक, काल परतीच्या तासात तुमच्या पानात पोळी कुणी वाढली?"

"रत्नम्मानं."

"ती कधी उठून गेली का?"

"नाही. शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत होती. मग माझ्यासमोर बसून जेवली." ते भाच्याकडं वळले. "चिठ्ठी तरी कशाला लिहिलीस, गाढवा?"

ते उत्तर मीच दिलं. "त्यांना वाटलं होतं शेड रिकामी असेल. खिडकीत संगप्पा दिसले. संगप्पांची दाढ दुखत होती हे त्यांना कुठं ठाऊक? दिसल्यावर काहीतरी विचारणं भाग पडलं आणि चिठ्ठी लिहिणंही भाग पडलं. मास्तरांनी पुन्हा मागात डोकं घातल्यावर त्यांनी पेटी काढली. लिहिताना खिळ्यावर रत्नम्माची साडेबाराची चिठ्ठी वर दिसली असणार. तिथं त्यांना वाट सापडली. वेळ खरी लिहिली. घड्याळात जी होती तीच."

रुद्रप्पा खाली बघत होता.

"पेटी कुठं आहे?" मालकांनी विचारलं.

"नव्या पेठेत. मित्राच्या दुकानात. स्कूटरवरून नेली." मग एकदम मान वर करून म्हणाला, "मामा, किती वर्षं चिठ्ठ्या ओवू मी? मला स्वतःचे चार माग टाकायचे होते. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही हसलात."

मालकांनी त्याला तिथल्या तिथं त्या मित्राला चिठ्ठी लिहायला लावली आणि धोंडीरामला सायकलवर नव्या पेठेत पिटाळलं. मग मला जवळ बोलावलं.

"टायमप्पा, घरची गोष्ट आहे. माझी बहीण विधवा आहे. फौजदाराला नको म्हणून सांगतो. लोकांना सांगू, पेटी फळीमागं पडली होती. रत्नम्माला म्हणावं उद्यापासून ये."

"फळीमागं पडली म्हणजे तिनं पाडली," मी म्हणालो.

"चोरी तर नाही ना केली."

"मालक, काल सव्वाशे माणसांसमोर तुम्ही तिला चोर म्हणालात. आज दार लावून मला सांगताय, ती चोर नाही."

मी दार उघडून बाहेर आलो, शेडच्या भिंतीपाशी गेलो आणि विजेचा मोठा खटका खाली ओढला.

बावीस वर्षांत मी कामाच्या वेळेत त्याला हात लावला नव्हता. माग एकामागून एक थांबले. कामगार बाहेर अंगणात यायला लागले. कुणीतरी म्हणालं, "गेली का लाइट?" मग त्यांनी माझा हात खटक्यावर पाहिला. गेटवरून रत्नम्मा उठून आत आली होती.

मालक दारात उभे होते. ते माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं. ते पायरी उतरून अंगणात आले.

"पेटी माझ्या भाच्यानं नेली होती," ते म्हणाले. "रुद्रप्पानं. मी रत्नम्माला चोर म्हटलं ते चुकलं. तुमच्या सगळ्यांसमोर म्हटलं होतं, म्हणून तुमच्या सगळ्यांसमोर सांगतो."

रत्नम्मानं पदर सारखा केला.

अर्ध्या तासानं धोंडीराम पेटी घेऊन आला. रत्नम्मानं ती अंगणातच उघडली, मांडी घालून बसली आणि पत्ते मोजले. सगळे होते. दोन दुमडले होते ते तिनं नखानं सरळ केले.

"उद्यापासून ये," मालक म्हणाले.

"येते. पण डिझाइन खोलीची किल्ली भिंतीला राहणार नाय. माझ्याकडं राहील. ज्याला पायजे तो मला विचारंल."

मालकांनी संगप्पांकडं पाहिलं. मास्तरांनी सुजलेला गाल सांभाळत मान डोलावली. मग मालक स्वतः ऑफिसात गेले, किल्ली काढून आणली आणि तिच्या हातात दिली.

तिनं ती पदराच्या टोकाला बांधली, पेटी उचलली आणि निघताना माझ्याकडं वळली.

"अण्णा, माग कशाला बंद ठिवलेत? पाच वाजायचेत अजून."

मी खटका वर केला.